कोकणातल्या घरात झाडांचा फिशटँक: सुरुवात विहिरीपासून

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले की वाडीतल्या विहिरीत टीसीएल पावडर पडते. पडायलाच हवी. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून जुलाब आणि कावीळ पसरते, ती तिनेच आटोक्यात राहते. वेंगुर्ल्याला आमच्या घरी पहिला फिशटँक आला त्या वर्षी मला हे माहीत असूनही त्या संध्याकाळी डोक्यात आलं नाही. टँकमधलं थोडं पाणी काढलं, दोन बादल्या ताजं पाणी ओतलं आणि झोपले. सकाळी नऊपैकी सात मासे मेलेले. उरलेले दोन पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. शेजारच्या काकी दारात आल्या, बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, “बांयत काल पावडर घातल्यानी. तुका कोणी सांगूक नाय?”

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो, तसेच माशांचे कल्लेही जाळतो. उपाय साधा आहे. पाणी रुंद तोंडाच्या टबात चोवीस तास उघडं ठेवायचं, त्यात हवेचा पंप सोडला तर क्लोरीन लवकर उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतं ते वापरायचं. ते बहुतेक सोडियम थायोसल्फेटच असतं आणि काही मिनिटांत काम करतं. नळपाणी योजनेच्या पाण्यालाही हाच नियम. आमच्याकडे आता टँकसाठी एक निळा टब वेगळा ठेवलेला आहे, त्याला घरात दुसऱ्या कशासाठी कुणी हात लावत नाही.

त्या सात माशांमुळे मला एक गोष्ट पक्की कळली. काच, दिवा, मासे यातलं काहीही आणण्याआधी आपल्या पाण्याची ओळख करून घ्यायला हवी. आणि कोकणात ती फारच गरजेची आहे, कारण एकाच गावात दोन विहिरींचं पाणी अगदी वेगळं असू शकतं.

सड्यावरची किंवा जांभ्यात खणलेली विहीर घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं असा पाऊस झेलून जांभ्यातला चुना धुऊन गेलेला आहे. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तर तो लाल. अशा विहिरीचं पाणी हलकं असतं. साबणाला भरपूर फेस येतो, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरत नाही. हे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं. याउलट समुद्रालगतची, पुळणीत खणलेली विहीर. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाणी जड होतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधला, त्याखाली आम्लधर्मी) आठच्या जवळ जातो. अशी विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ व्हायला लागली, तर ते पाणी टँकला नकोच.

दुकानात पीएच तपासायचे थेंब मिळतात, ते घ्या. पण पीएचपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. पाण्यात विरघळलेला चुना म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद. टँकमध्ये रोज थोडं थोडं आम्ल तयार होत असतं. जड पाणी ते सहज पचवतं. जांभ्यातल्या हलक्या पाण्याकडे ही ताकदच कमी, त्यामुळे काही आठवड्यांनी पीएच घसरत घसरत सहाच्याही खाली जातो, आणि बाहेरून पाहिलं तर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं! मासे मात्र कोपऱ्यात दबून बसतात. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची आमटी झाली की रिकाम्या शिंपल्यांतल्या चार-पाच घासून, उकळून, उन्हात वाळवून घ्या आणि फिल्टरच्या बाजूला ठेवून द्या. पाणी आम्लधर्मी झालं की शिंपली हळूहळू विरघळते आणि तोल सावरते. पाणी ठीक असलं की ती जवळजवळ तशीच राहते. माझ्या टँकमधल्या शिंपल्या दोन वर्षांत कागदासारख्या पातळ झाल्या. बोटाने दाबली तर कड मोडते. पुळणीतल्या विहिरीवाल्यांना याची अजिबात गरज नाही.

आता मुख्य विषय. फिशटँकमधले मासे बहुतेक वेळा रोगाने मरत नाहीत, स्वतःच्याच घाणीने मरतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया होतो. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये जाणार कुठे? अमोनिया अगदी थोडा असला तरी विषारी. निसर्गात मात्र अमोनियावर जगणारे जिवाणू आहेत. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही. मग दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. आपल्या उबदार पाण्यात थोडे लवकर.

म्हणूनच एकाच दिवशी काच, दगड, प्लॅस्टिकची झाडं आणि डझनभर मासे घरी आणले की दहा-बारा दिवसांत ते एकेक करून जातात. लोक म्हणतात, आमच्या हाताला मासे लाभत नाहीत. लाभायला त्यांना महिनाभर थांबायला हवं होतं, एवढंच.

इथे पुन्हा विहिरीचा संबंध येतो. पाण्यातल्या अमोनियाचा फार थोडा भाग खऱ्या विषारी रूपात असतो, बाकीचा अमोनियम या बऱ्याच सौम्य रूपात. पीएच सातवरून आठवर गेला की विषारी भाग सुमारे दहापट होतो. पाणी जितकं गरम तितका तो आणखी वाढतो. म्हणजे पुळणीतल्या विहिरीवर, मे महिन्यात, थोडं जास्त खाणं टाकलं तरी महागात पडतं. जांभ्यातल्या विहिरीवर अमोनियाची धास्ती कमी, पण तिथे पीएच फार खाली गेला तर ते जिवाणूच काम थांबवतात. दोन्हीकडे जपायचं आहे, फक्त वेगवेगळ्या गोष्टींना.

आणि दोन्हीकडे मदतीला येतात ती जिवंत झाडं. पाणवनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात. जिवाणूंची वाट पाहत नाहीत. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची झाडं ठेवली. काही दिवसांत जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्या कुजकी पानं खात, झाडं त्यांच्या आणि माशांच्या घाणीवर वाढत, आणि मासे झाडांनी सोडलेल्या प्राणवायूवर जगत. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याच्याकडे ना पंप होता ना विजेचा दिवा. पावसाळ्यात दिवस-दिवस वीज जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट माझ्या मते फार जवळची आहे: टँकचा जास्तीत जास्त भार झाडांवर टाकायचा, यंत्रांवर कमी.

बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. योगायोगाने दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्येही जवळपास तेवढंच पाणी मावतं, आणि सुरुवातीला मी हाच आकार सुचवते. बाउलमध्ये काही करू नका, पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. भरलेला टँक वाळू-मातीसकट ऐंशी किलोंच्या घरात जातो, तेव्हा भिंतीतल्या फळीवर नको. लोखंडी स्टँडला खाऱ्या हवेने गंज धरतो, रंगाचे दोन हात आधीच द्या. काचेखाली थर्माकोलची शीट हवीच. जागा घरातली सर्वांत थंड निवडा, जुन्या घराचं माजघर उत्तम. खिडकीतलं थेट ऊन टँकवर पडलं की पाणी हिरवं होतं.

तळाला काय घालायचं? फक्त रंगीत खडे घातले तर झाडांची मुळं उपाशी राहतात. मी भातखाचरातली माती वापरते. ती वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली राहायला सरावलेली असते. मात्र त्या हंगामात खत किंवा औषध न मारलेल्या खाचरातलीच घ्या. माती चाळून बादलीत भिजवायची, वर तरंगणारा काडीकचरा पाण्यासकट ओतून द्यायचा, माती उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची. असं तीनदा केलं की तिच्यातला पहिला जोर ओसरतो. टँकमध्ये हिचा इंचभरच थर द्या आणि वर धुतलेल्या जाड्या नदीच्या वाळूचा दीड इंच. मातीचा थर जाड झाला तर आत सडतं, काडी खुपसली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चौपाटीवरची वाळू नको. तिच्यावर लिंबू पिळून पाहा, फसफसते. तो चुना आहे. आणि मीठ वेगळंच.

पाणी ओतताना वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडायची, नाहीतर माती उसळून सगळा टँक तांबडा होतो. झाला तरी घाबरू नका, दोन दिवसांत बसतो.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा. तळाचा दोनतृतीयांश भाग हिरवा दिसला पाहिजे. चार काड्या लावून ‘वाढतील हळूहळू’ म्हटलं तर झाडांआधी शेवाळ वाढतं. पहिल्या महिन्यात जोमाने वाढणारी झाडं हवीत, कारण तीच अमोनियम खाणार. हायड्रिला घ्या, शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला नरसाळ्याखाली ठेवत असत तीच ही वनस्पती. व्हॅलिस्नेरिया मागच्या बाजूला, तिची पट्टीसारखी पानं वरपर्यंत जातात आणि धावत्या खोडाने ती स्वतःच पसरते. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, नुसतं पाण्यात सोडून द्यायचं. ओलसर जागी परसात वाढणारी ब्राह्मीसुद्धा पाण्याखाली जगते, वाढ मंद असते पण दिसते सुंदर. जावा फर्न आणि ॲन्यूबियास कमी उजेडात चालतात. त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं.

क्रिप्टोकोरिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती आपल्या ओहोळांची वनस्पती आहे. क्रिप्टोकोरिन स्पायरालिस कोकणात ठिकठिकाणी सापडते. सिंधुदुर्गात आढळणारी क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा मात्र जगात फार थोड्या जागी उरलेली आहे. ओहोळातून उपटून आणू नका, नर्सरीत वाढवलेली घ्या. ही नव्या टँकमध्ये लावली की आठवडाभरात तिची पानं पारदर्शक होऊन विरघळतात. मेली म्हणून लोक उपटून टाकतात. तिला तशीच राहू द्या. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांनी वाळूतून नखाएवढं तपकिरी पान वर येतं आणि त्यानंतर ती वर्षानुवर्षं हलत नाही.

ओढ्यातून हायड्रिला वगैरे आणली तर तिच्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्याही येतात. चतुराची अळी छोटे मासे पकडून खाते. चार लिटर पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून त्यात झाडं दोन-तीन तास ठेवा, मग स्वच्छ धुऊन लावा. आणि उलट दिशेचीही काळजी घ्या: छाटलेली झाडं ओढ्यात किंवा विहिरीत टाकायची नाहीत. जलपर्णी आणि साल्व्हिनिया या दोन परक्या वनस्पतींनी आपली तळी कशी झाकली ते डोळ्यांसमोर आहे.

दिवा साधा पांढरा एलईडी पुरतो, रोज सहा ते आठ तास. टायमर लावला तर उत्तम. जास्त उजेडाने झाडं जास्त वाढतात असं वाटतं, प्रत्यक्षात शेवाळ वाढतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अशा टँकला लागत नाही, मातीतला कुजवा तेवढा वायू पुरवतो. हीटरचं तर नावच नको. आपलं पाणी थंडीतही बावीस-तेविसाच्या खाली क्वचितच जातं. आपला प्रश्न उलटा आहे. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. त्यात मासे गरम पाण्यात जास्त श्वास घेतात. घाटावरचे लोक टँकवर पंखा सोडून बाष्पीभवनाने पाणी थंड करतात. आपल्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद, तरी एखाद-दोन अंश उतरतात. मे महिन्यात मी पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवते आणि दिवा रात्रीच्या वेळी लावते.

रात्री झाडंही प्राणवायू घेतात, हे विसरू नका. दाट झाडांच्या टँकमध्ये पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून हवेचा पंप आणि त्यावर चालणारा स्पंज फिल्टर रात्रभर चालू हवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत एकदिशा झडप बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, आणि पुढे जमिनीवर. पावसाळ्यासाठी सेलवर चालणारा पंप घेऊन ठेवा. वीज बराच वेळ गेली तर आधी खाणं बंद करा, त्याने काहीही बिघडत नाही, आणि तासा-दोन तासांनी मगने पाणी वरून ओतून ढवळा.

झाडं लावल्यावर महिनाभर मासे नाहीत. रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या, पंधरा दिवस वाचतात. तपासणीच्या थेंबांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले आणि झाडांना नवी पानं फुटली की मासे आणायचे, तेही पहिल्यांदा सहाच.

कोणते, हे पुन्हा विहीर सांगते. पाणी जड असेल तर गप्पी, प्लॅटी, मोली. गप्पी नुसते नर आणा. मादी आली की दर महिन्याला पिल्लं. पाणी हलकं असेल तर सहा-आठ हार्लेक्विन राझबोरा आणि हनी गुरामीची एक जोडी. गुरामी वरून हवा घेऊ शकतो, गरम पाण्यात त्याचं बरं चालतं. आपल्या पाटात, भातशेतात डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला छोटा मासा पृष्ठभागावर फिरतो, तो ॲप्लोकायलस. त्याचे तीन ठेवले तर डासांच्या अळ्या टिपताना बघत बसावं असं वाटतं, पण तो लहान माशांना गिळतो आणि उडी मारतो, झाकण पाहिजे. गोल्डफिशला आपला उन्हाळा मानवत नाही आणि तो झाडं खातो. काच साफ करायला म्हणून दुकानात सकर देतात, तो फूटभर वाढतो. तो घेऊ नका, आणि असेल तर नदीत सोडू नका. आपल्या देशातल्या कित्येक तळ्या-नद्यांत तो असाच कुणीतरी सोडल्यामुळे माजला आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय बघून मुलं समुद्री माशांचा हट्ट धरतात. खाऱ्या पाण्याचा टँक हा पूर्ण वेगळा अभ्यास आहे, त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टँकवर तरंगत ठेवायची, मग दर पाच-दहा मिनिटांनी टँकमधलं वाटीभर पाणी पिशवीत घालत राहायचं. शेवटी मासे जाळीने उचलून सोडायचे, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, आठवड्यातून एक दिवस उपास. पाळलेले मासे उपाशी मरत नाहीत, जास्त खाण्याने मरतात.

सगळं जमून आलं की दुपारी दिवा लागल्यावर तीन-चार तासांनी हायड्रिलाजवळ डोळा नेऊन पाहा. पानांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरलेले असतात. एखादं पान तुटलेलं असेल तर तिथून बुडबुड्यांची अखंड माळ वर जाते. पाणी प्राणवायूने भरलं, आणखी विरघळायला जागा उरली नाही, म्हणून तो असा दिसतो.

आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदला, टबात मुरलेलं पाणी घाला. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, म्हणजे जिवाणू राहतात. आणि ते काढलेलं पिवळसर पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट आहे, माडाच्या आळ्यात ओता.